एका विनोदी बोलपटाचें मोल
[नभोवाणीवरील भाषण]



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलें असेल, आणि घरांतील वडील मंडळींपैकीं एखाद्यानें, “आतां ब्रँडीच्या बाटलीवरहि भाषणें होऊं लागलीं काय!” असा प्रश्नहि केला असेल. त्यांच्या समाधानासाठीं आरंभींच सांगून टाकतों कीं, ज्या बाटलीविषयीं मी बोलणार आहें ती शोधावयास निघालेल्या माणसाला ब्रँडी म्हणजे काय हेंच मुळीं ठाऊक नव्हतें. ‘ब्रँडीची बाटली’ हा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्स या कंपनीनें १९३९ सालीं काढलेला विनोदी बोलपट. कथा प्रल्हाद केशव अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचें आणि प्रमुख भूमिका दामुअण्णा मालवणकर यांची. आज हा बोलपट चित्रपटगृहांत लागत नाहीं, त्याचें नांव तरुण मंडळींच्या कानांवरून गेलेलें नसतें, आणि ज्यांच्या कानांवरून गेलें आहे त्यांतील बहुतेकांनीं तो पाहिलेला नसतो. अशा एका विसरलेल्या करमणुकीचें मोल काय, आणि तिच्या मागें राहिलेले कागदाचे चिटोरे कोणीं जपून कां ठेवावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

जुन्या वस्तूंच्या संग्रहाची आवड आपल्याकडे नवी नाहीं. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं अशा घरगुती वस्तू गांवोगांव हिंडून जमविल्या आणि त्यांतून केवढें संग्रहालय उभें केलें, हें आपण जाणतां. राजाची तलवार जपून ठेवावी हें सर्वांनाच कळतें. परंतु आजीचा अडकित्ताहि जपून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, हें केळकरांनीं दाखवून देईपर्यंत किती जणांना वाटलें होतें? चित्रपटांच्या दुनियेंतहि असाच प्रकार आहे. पौराणिक भव्य चित्रपट, संतांचीं चरित्रें, सामाजिक प्रश्नांना हात घालणाऱ्या करुण कथा, या झाल्या तलवारी. विनोदी बोलपट हा अडकित्ता. तो रोजच्या वापरांतला, म्हणूनच दुर्लक्षित; आणि म्हणूनच एकदां हरवला कीं कोणी शोधीत नाहीं.

हा बोलपट ज्या घरांत जन्मला त्या घराची थोडी ओळख करून घेऊं. १९३६ सालीं बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनीं कोल्हापुरांत हंस पिक्चर्सची स्थापना केली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील ‘छाया’ हा त्यांचा पहिला बोलपट. तो गंभीर होता, आणि कंपनीचा पुढील मार्गहि तसाच राहील असें कोणासहि वाटलें असतें. पण पुढच्याच वर्षीं विनायकांची गांठ अत्र्यांच्या लेखणीशीं पडली. ‘झेंडूचीं फुलें’ लिहून कवींना आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहून नाटकाच्या प्रेक्षकांना ज्यांनीं पोट धरून हसविलें होतें, ते अत्रे आतां पडद्यासाठीं लिहूं लागले. ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ हे १९३७ सालचे, ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा आणि ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ चा. दोन-तीन वर्षांच्या अवकाशांत मराठी बोलपटाला स्वतःचा असा विनोद मिळाला. त्याच्या आधीं पडद्यावर विनोद नव्हता असें नाहीं. परंतु तो बहुधा मुख्य कथेच्या पाठीमागें, जेवणांतल्या लोणच्यासारखा, पानाच्या डाव्या बाजूस वाढलेला असे. या मंडळींनीं तो पानाच्या मध्यभागीं आणला.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणें हा बोलपट मराठीबरोबर हिंदींतहि निघाला. ‘ब्रँडी की बोतल’ हें त्याचें हिंदी नांव. पुढें रूढ झालेली आवाज बदलून घालण्याची पद्धत तेव्हां नव्हती. तोच प्रसंग एकदां मराठींत आणि एकदां हिंदींत असा दोनदां चित्रित करावा लागे. गंभीर प्रसंगीं हें एक वेळ जमतें. परंतु विनोद करणाऱ्या नटाला तोच विनोद दोन भाषांत लागोपाठ करून दाखवावयाचा, आणि दुसऱ्या वेळीं तो शिळा वाटूं द्यावयाचा नाहीं, यांत किती कसब लागत असेल याचा विचार रसिकांनीं अवश्य करावा.

आतां कथा. बगाराम हा नगरपालिकेंतील एक साधाभोळा, कामांत यथातथाच असलेला कारकून. त्याचें मन मालती नांवाच्या मुलीवर जडलेलें आहे; ही भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांची. आजारी माणसासाठीं औषध म्हणून ब्रँडी हवी असा प्रसंग येतो, आणि बगाराम मोठ्या उत्साहानें ती आणावयाचें काम अंगावर घेतो. ब्रँडी ही काय चीज आहे, ती कोठें मिळते, ती विकत घेणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात, याची त्याला दादहि नसते. कथा ती एवढीच. पण एवढ्याशा खुंटीवर अत्र्यांनीं संबंध शहर टांगून ठेवलें आहे. ज्या वस्तूचें नांव सभ्य माणूस आवाज खालीं आणून घेतो, तिची चौकशी हा गृहस्थ निर्मळ मनानें करीत फिरतो. आणि त्याच्या निर्मळपणामुळें ज्यांना सर्व कांहीं ठाऊक आहे त्यांचींच तोंडें उघडीं पडतात. वेड्याच्या हातीं दिवा देऊन शहाण्यांच्या घरांतील अंधार दाखविण्याची ही युक्ति आहे. ती जुनी आहे, परंतु ती वापरावयास धैर्य लागतें, कारण त्या उजेडांत प्रेक्षकहि सांपडतो.

हें धैर्य किती होतें हें समजण्यासाठीं १९३९ साल डोळ्यांसमोर आणलें पाहिजे. मुंबई इलाख्यांत त्या वेळीं बाळासाहेब खेर यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होतें. अबकारी खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर व उपनगरें यांत दारूबंदी अंमलांत आली. घरोघरीं, आगगाडींत, वर्तमानपत्रांत, व्यासपीठांवर दारूबंदी हाच विषय. पक्ष दोनच: एक आवेशानें बाजूनें बोलणारा, दुसरा तितक्याच आवेशानें विरुद्ध बोलणारा. अशा वर्षीं ‘ब्रँडीची बाटली’ हें नांव पाटीवर लिहून बोलपट काढणें म्हणजे दोन्ही पक्षांच्या मधोमध खुर्ची टाकून बसण्यासारखें होतें. आणखी एक गंमत अशी कीं, बोलपट तयार झाला कोल्हापुरांत. कोल्हापूर हें तेव्हां संस्थान; मुंबई सरकारचा कायदा तेथें लागू नव्हता. म्हणजे ज्या शहराविषयीं हा विनोद होता तें शहर कायद्याच्या आंत, आणि ज्या गांवीं तो रचला गेला तें गांव कायद्याच्या बाहेर.

आमच्या घाटकोपरच्या श्रोत्यांना या कथेंत आणखी एक ओळखीची खूण सांपडेल. घाटकोपर हा तेव्हां मुंबई शहराचा भाग नव्हता. उपनगर जिल्ह्यांतील तें एक स्वतंत्र गांव होतें, आणि त्याला घाटकोपर-किरोळ या नांवाची स्वतःची नगरपालिका होती. पुढें ती मुंबईच्या महानगरपालिकेंत विलीन झाली. अशा लहान नगरपालिकेंतील कारकून म्हणजे गांवांतला चालताबोलता परवाना. दिव्याचा खांब, गटाराची तक्रार, घरपट्टीची पावती, सारें त्याच्या टेबलावरून जावयाचें. बगारामाच्या नांवानें प्रेक्षक हसत तें एका विदूषकाला नव्हे; ते आपल्या ओळखीच्या माणसाला हसत, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच माणसासमोर अर्ज घेऊन उभे राहत. परवाना, दाखला, वैद्याची चिठ्ठी या गोष्टी अजूनहि संपलेल्या नाहींत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा महाराष्ट्रांत आजहि चालू आहे, आणि मद्य बाळगणाऱ्यास कायद्यानें आजहि परवाना लागतो. किती जणांपाशीं तो असतो हा प्रश्न मी विचारीत नाहीं. तो बगारामानेंच विचारावा.

दामुअण्णा मालवणकर यांच्याविषयीं दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. त्यांचा जन्म १८९३ चा, मृत्यु १९७५ चा. आणि पडद्यावर येण्यापूर्वीं त्यांनीं रंगभूमीवर पुष्कळ वर्षें घालविलीं होतीं. त्यांचा एक डोळा तिरळा होता. ज्या व्यंगामुळें दुसरा एखादा माणूस आरशापासून दूर पळाला असता, तेंच त्यांनीं आपलें भांडवल केलें. मात्र त्यांच्या विनोदाचें सर्व श्रेय त्या डोळ्याला देणें अन्यायाचें होईल. डोळा तिरळा असणें हें दैवाकडे. तो केव्हां, कोणाकडे आणि किती वेळ रोखावयाचा हें नटाकडे. दामुअण्णांचा विशेष हा कीं, ते स्वतः हसत नसत. आपण कांहीं हास्यास्पद करीत आहों याची बगारामाला जाणीवच नाहीं, अशा गंभीर चेहऱ्यानें ते वावरत. त्यामुळें प्रेक्षकाला प्रथम हसूं येई आणि मागाहून त्या माणसाची दया येई. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४० सालीं, ‘लग्न पहावें करून’ या बोलपटांत चिं. वि. जोशी यांचा चिमणराव उभा करण्याचें काम विनायकांनीं त्यांच्याकडेच सोपविलें, आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. दूरदर्शनच्या काळांत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनीं ती जोडी पुन्हां घरोघर नेली. परंतु चिमणरावाला प्रथम हाडामांसाचा चेहरा मिळाला तो दामुअण्णांचा, ही गोष्ट आज किती घरांत ठाऊक आहे?

मग असा हा बोलपट मागें कां पडला? एक कारण त्याच्या थोरल्या भावंडांत आहे. त्याच मंडळींचा ‘ब्रह्मचारी’ आदल्या वर्षीं येऊन गेला होता, आणि त्यांत मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोषाखांत पाण्यांत उतरल्या होत्या. त्या एका प्रसंगाचा जो गवगवा झाला तो आजपर्यंत विझलेला नाहीं. विनायक, अत्रे, मीनाक्षी हीं नांवें निघालीं कीं लोकांना ‘ब्रह्मचारी’ आठवतो, आणि आठवणीची जागा तेथेंच भरून जाते. दुसरें कारण अधिक खोल आहे. आपण मराठी माणसें छापलेल्या विनोदाचा मोठा मान करतों. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’, गडकऱ्यांचे बाळकराम, जोशांचे चिमणराव हे आपल्या कपाटांत पुठ्ठा बांधून ठेवलेले असतात. परंतु तोच विनोद पडद्यावर आला कीं तो आपल्याला दोन घटकांची करमणूक वाटतो. पाहिला, हसलों, घरीं आलों, जेवलों, संपलें. शोकांत चित्रपटाविषयीं आपण वाद घालतों, लेख लिहितों. विनोदी चित्रपट मात्र हसून फस्त करतों, आणि फस्त केलेल्या पदार्थाची पाककृति कोणी लिहून ठेवीत नाहीं.

आणि चित्रपटाची वस्तू अशी आहे कीं, ती दुर्लक्ष सोसत नाहीं. पुस्तक माळ्यावर पन्नास वर्षें पडलें तरी त्याचीं कांहीं पानें वाचतां येतात. जुन्या चित्रपटांची फीत नायट्रेट नांवाच्या द्रव्याची असे; १९५० नंतर थोड्याच वर्षांत तिचें उत्पादन बंद पडलें. ही फीत बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. ती एकदां पेटली कीं पाण्याखालींहि जळते, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्या अंगांतच असतो. पेटली नाहीं तरी दमट हवेंत ती चिकट होते, रिळाचे थर एकमेकांस चिकटतात आणि अखेरीस तपकिरी भुकटी उरते. त्यांत भर अशी कीं, फितीवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें बनलेलें असतें. चित्रपटाचें आयुष्य संपलें असें वाटलें कीं मालक तीं रिळें चांदी काढणाऱ्यांना विकून टाकीत. अशा रीतीनें किती चित्रपट भट्टींत गेले त्याची गणती नाहीं. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा, आज उपलब्ध नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१४ च्या सुमारास ‘पिठाचे पंजे’ नांवाचा एक छोटा विनोदी चित्रपट काढला होता; त्याचें आतां नांवच काय तें उरलें आहे. आणि जें जपलें गेलें तेंहि सुरक्षित राहतेंच असें नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानें त्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें. तरीहि जानेवारी २००३ मध्यें तेथील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या जुन्या चित्रपटांसह कितीतरी रिळें भस्म झालीं.

हें दुर्दैव आपल्याच देशाचें आहे असें मात्र समजूं नये. लॉरेल आणि हार्डी ही जोडी जगांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांचा १९२७ सालचा ‘हॅट्स ऑफ’ हा मूकपट आज कोठेंहि सांपडत नाहीं. त्यांतील प्रसंगांचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें तेवढीं उरलीं, आणि त्यांवरूनच त्या चित्रपटाची कल्पना करावी लागते. उलट दुसरें उदाहरण पाहा. चार्ली चॅप्लिननें १९१४ सालीं ‘अ थीफ कॅचर’ या लहानशा विनोदी मूकपटांत पोलिसाचें काम केलें होतें, आणि तो चित्रपट कायमचा नष्ट झाला असें सर्व जाणकारांनीं धरून ठेवलें होतें. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रींत एका संग्राहकानें एक रीळ विकत घेतलें. तें लावून पाहिलें तेव्हां त्यांत चॅप्लिन निघाला! ही गोष्ट २०१० सालीं जाहीर झाली. शहाण्णव वर्षें तो पोलीस एका डब्यांत निजून होता. त्याला जागें केलें तें सरकारी खात्यानें नव्हे, एका हौशी माणसाच्या कुतूहलानें.

आपल्याकडे रिळें घरांत असण्याचा संभव थोडा. परंतु बोलपट आपल्या मागें दुसरें कांहीं सोडून जातो, आणि तें मात्र घरांतच असतें. माझा रोख आहे गाण्यांच्या पुस्तिकांवर. बोलपट लागला कीं चित्रपटगृहाच्या दारांत आणा-दोन आण्यांना ही पुस्तिका मिळे. हलका कागद, मुखपृष्ठावर नायिकेचें चित्र, आंत नटनटींचीं व तंत्रज्ञांचीं नांवें, मग कथेचा सारांश, आणि त्यानंतर गाणीं. सारांशाची एक ठराविक मौज असे. कथा ऐन रंगांत येऊन थांबावयाची, आणि पुढें काय झालें तें पडद्यावरच पाहा अशी विनंति करून लेखक निघून जावयाचा! गृहिणी गाणीं पाठ करण्यासाठीं ती पुस्तिका घरीं नेत, आणि पाककृतींच्या वहींत, आरत्यांच्या पुस्तकांत किंवा पेटीच्या तळाशीं ती जाऊन बसे. चित्रपट गेला, कंपनी गेली, चित्रपटगृह गेलें. ती पुस्तिका मात्र कित्येकदां राहिली. ज्या बोलपटाचा फुटभरहि तुकडा शिल्लक नाहीं त्यांत कोणीं कोणती भूमिका केली, संवाद कोणाचे, छायालेखन कोणाचें, हें आज अभ्यासकाला कळतें तें पुष्कळदां अशा पुस्तिकेवरून.

अशा कागदांना हल्लीं बाजारहि आहे. मुंबईच्या चोरबाजारांत, मटण स्ट्रीटवर, जुन्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें, छायाचित्रें आणि पुस्तिका विकणारीं दुकानें आहेत, आणि तेथें परदेशी प्रवासीहि घासाघीस करतांना दिसतात. या बाजाराची मी निंदा करणार नाहीं, कारण विक्रेत्यानें किंमत लावली म्हणूनच कित्येक कागद बंबांत जाण्यापासून वांचले. परंतु बाजाराला त्याची स्वतःची आवड असते. त्याला मोठीं नांवें हवीं, रंगीत चित्रें हवीं. एखाद्या विसरलेल्या विनोदी बोलपटाची मुखपृष्ठ फाटलेली पुस्तिका त्याच्या हिशेबीं कवडीमोलाची. आणि नेमकी तीच अधिक दुर्मिळ असते. घाटकोपरला स्टेशनच्या पूर्वेस एका रद्दीच्या दुकानांत मला एकदां अशीच एक पुस्तिका दिसली. मुखपृष्ठ नाहीं, पहिलें पान नाहीं. शेवटच्या पानावर कोल्हापूरच्या एका छापखान्याचें नांव तेवढें होतें. किंमत विचारली तर दुकानदार म्हणाला, “काका, एवढ्याशा कागदाचें काय वजन करूं? तशीच घेऊन जा.” त्याचें बोलणें आतिथ्याचें होतें, आणि तें ऐकून मला वाईटहि वाटलें. ज्या वस्तूला वजन नाहीं तिला किंमत नाहीं, असा हा हिशेब.

आणि हा हिशेब आज घरोघर चालू आहे. घाटकोपरांत जाऊन पाहा. पंतनगरच्या जुन्या वसाहती पडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. ओडियन नांवाचें जुनें चित्रपटगृह गेलें आणि त्याच्या जागीं तें नांव धारण करणारा मॉल उभा आहे. जुन्या घरांना माळे होते, कोनाडे होते, पलंगाखालीं पत्र्याच्या ट्रंका होत्या. नव्या घरांत माळा नाहीं. जुनें घर रिकामें करण्याची तारीख येते, टेंपो दारांत उभा राहतो, आणि मग कोणती वस्तू बरोबर न्यावी याचा निर्णय पांच मिनिटांत घेतला जातो. भांडीं जातात, देव जातात, फोटोंपैकीं कांहीं जातात. ट्रंकेच्या तळाशीं असलेले कागद रद्दीवाल्याकडे जातात. सासूबाईंनीं ते कां ठेवले होते हें विचारावयास सासूबाई नसतात. एका पिढीनें पन्नास-साठ वर्षें जपलेली वस्तू अशी एका दुपारींत नाहींशी होते, आणि यांत कोणाचाहि दुष्टपणा नसतो. म्हणूनच हें नुकसान थांबविणें कठीण आहे.

तरी कांहीं गोष्टी सहज करतां येण्यासारख्या आहेत. घर बदलतांना जुने छापील कागद एक दिवस बाजूस काढून पाहावे. चित्रपटाची पुस्तिका, जाहिरात, तिकिटाचा तुकडा, जुनी ध्वनिमुद्रिका सांपडल्यास ती फेंकूं नये. तिला दुकानांतून प्लॅस्टिकचें आवरण चिकटवून आणूं नये. त्या उष्णतेनें आणि गोंदानें कागद कायमचा बिघडतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावूं नये. कांहीं वर्षांनीं तिचा पिवळा डाग अक्षरांवर बसतो. गंजलेली टांचणी हलक्या हातानें काढावी, कागद स्वच्छ पांढऱ्या कागदांत गुंडाळून कोरड्या ठिकाणीं सपाट ठेवावा, आणि पावसाळा संपल्यावर एकदां उघडून कसर लागली नाहीं ना हें पाहावें. कोणाच्या घरांतून आला, केव्हांचा, हें आठवत असेल तर शिसपेन्सिलीनें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें. चुकून जुन्या फितीचा डबा सांपडलाच तर त्याच्या जवळपास दिवा अगर काडी आणूं नये, तो उन्हांत ठेवूं नये, आणि पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. तें संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अंतर्गत आहे. मुंबईंतहि २०१४ सालीं स्थापन झालेलें फिल्म हेरिटेज फाउंडेशन हेंच कार्य करीत आहे. मूळ कागद देण्यास मन होत नसेल तर त्याची स्वच्छ प्रत काढून द्यावी. वस्तू घरांत राहील आणि माहिती सर्वांची होईल.

संग्राहक मित्रांनाहि एक विनंति करावीशी वाटते. संग्रहाची खरी कसोटी आपणापाशीं काय आहे ही नव्हे. आपण तें कितीजणांना दाखविलें, ही आहे. सोन्याचा दागिना तिजोरींत ठेवला तरी त्याचें सोनें कमी होत नाहीं. परंतु विनोदाची गोष्ट वेगळी. कोणीहि न पाहिलेला विनोदी बोलपट आणि कोणीहि न वाचलेली त्याची पुस्तिका यांत विनोद उरतच नाहीं, कारण विनोदाला दुसरा माणूस लागतो. दामुअण्णांचा तो गंभीर चेहरा हसणाऱ्या प्रेक्षकांवांचून नुसता गंभीरच राहील. म्हणून ज्यांच्यापाशीं असे कागद, चित्रें, गाणीं असतील त्यांनीं वर्षांतून एकदां तरी सोसायटीच्या सभागृहांत, शाळेंत किंवा ग्रंथालयांत तीं मांडावीं. वृद्धांना बोलतें करावें. त्यांच्या आईवडिलांनीं कोणता बोलपट कोणत्या चित्रपटगृहांत पाहिला, कोठें हसूं आवरलें नाहीं, हें लिहून घ्यावें. १९३९ सालीं जाणतेपणीं चित्रपटगृहांत बसलेलीं माणसें आतां फारच थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांच्या मुलांनींहि सत्तरी ओलांडली आहे.

‘ब्रँडीची बाटली’ हा जगांतील सर्वश्रेष्ठ बोलपट आहे असा माझा दावा नाहीं. अत्र्यांनींच पुढें याहून मोठीं कामें केलीं. त्यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें, आणि तें योग्यच झालें. विनायक तर १९४७ सालीं, वयाचीं पन्नास वर्षेंहि पुरीं न होतां गेले. परंतु एका विशिष्ट वर्षीं, एका विशिष्ट कायद्याच्या सावलींत, आपले आजोबा-पणजोबा कशाला हसले, कोणाला हसले आणि हसतां हसतां कशाला भीत होते, हें सरकारी अहवालांत लिहिलेलें नसतें. तें अशा बोलपटांत असतें. आणि बोलपट हाताशीं नसेल तेव्हां आणा-दोन आण्यांच्या पुस्तिकेंत असतें. तेव्हां पुढच्या वेळीं घरांतील जुनी ट्रंक उघडाल तेव्हां तळापर्यंत हात घाला. बगाराम कोठें तरी तेथेंच बाटली शोधीत बसलेला असेल.